तिसऱ्या काउंटरची तारीख

ज्या भाषेवर माझं पोट चालतं, ती आता आमच्याकडच्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. कोबॉल तिचं नाव, संगणकाची जुनी भाषा. नव्वदच्या दशकात नागपूरच्या एका क्लासमध्ये मी ती शिकले, तेव्हाच सर म्हणाले होते की ही चार-पाच वर्षांची पाहुणी आहे. सर गेले, क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि पाहुणी मात्र अजून मुक्काम ठोकून आहे. वर्धा जिल्ह्यात, जाम गावाच्या अलीकडे एका बियाणे कंपनीचं केंद्र आहे. तिथे सोयाबीनची पोती साफ होऊन येतात, भरली जातात, त्यांना टॅग लागतात आणि ती जिल्ह्याभरच्या कृषी केंद्रांत जातात. या सगळ्याचा हिशोब ठेवणारं मशीन काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवतं, आणि त्या मशीनची भाषा येणारी केंद्रात मी एकटी. दरवर्षी वरून निरोप येतो की यंदा नवीन सिस्टिम येणार. मी म्हणते, या. अजून तरी आली नाही.

एकटी असण्याने माणसाला माज येतो, हे मी आधीच कबूल करते. कोणी काही अडचण सांगायला आलं की मी मान वर न करता विचारायची, "तुम्ही कुठलं बटण दाबलं?" चूक समोरच्याची आहे हे माझं आधीच ठरलेलं असे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच कोणीतरी करून ठेवली असावी.

पुढचं कळायला एक गोष्ट सांगावी लागेल, ती थोडक्यात सांगते. मोठा प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. एखादं काम, समजा पोत्यावरची 'या तारखेपर्यंत वैध' ही तारीख काढणं, तो एका छोट्या प्रोग्रामकडून करून घेतो. हे करून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत मोठा प्रोग्राम दर वेळी छोट्याला नावाने हाक मारतो, आणि त्या नावाचा जो कोणी त्या दिवशी तिथे असेल तो येऊन काम करून जातो. याला आम्ही डायनॅमिक कॉल म्हणतो. दुसरीत मोठा प्रोग्राम तयार करतानाच छोट्याची एक प्रत त्याच्या पोटात बांधून टाकायची. मग हाक मारायलाच नको, काम घरच्या घरी होतं. हा बांधलेला कॉल. दोन्हींत लिहिलेली ओळ अक्षरशः एकच असते. फरक पडतो तो प्रोग्राम तयार करताना कोणता पर्याय निवडला त्याने, आणि तो पर्याय कागदावर कुठे दिसत नाही.

आमच्याकडे टॅग छापायचे तीन काउंटर. पहिले दोन मोठ्या शेडमध्ये, माझ्या खोलीला लागून. तिसरा पार मागे, गोदामापलीकडच्या शेडमध्ये. वाहतुकीत फाटलेली पोती तिथे येतात, त्यातलं बियाणं नव्या पोत्यात भरतात आणि नवा टॅग लावतात. बऱ्याच वर्षांपूर्वी या तिसऱ्या काउंटरने मला फार छळलं होतं. अधूनमधून तिथला प्रोग्राम छोट्याला हाक मारायचा आणि छोटा त्याला सापडायचाच नाही. छपाई बंद, बाहेर ट्रक उभे, आणि ऐन मे महिन्यात मी डोक्याला दुपट्टा बांधून त्या शेडपर्यंत खेपा घालतेय. मूळ दुखणं शोधायला अर्धा दिवस लागला असता. मी वैतागले आणि छोट्याची प्रत त्या प्रोग्रामच्या पोटात बांधून मोकळी झाले. पुन्हा कधी तक्रार आली नाही. तेव्हाच्या साहेबांनी पेढे वाटले होते. मी ही गोष्ट रजिस्टरमध्ये लिहून ठेवायला हवी होती. पेढे खाल्ले, नोंद करायची राहून गेली.

सोयाबीनचं बियाणं नाजूक. साल पातळ, पोतं जरा जोरात आपटलं तरी उगवण मार खाते. म्हणून यंदा कंपनीने ठरवलं की सोयाबीनच्या टॅगवरची मुदत एका महिन्याने कमी करायची. जानेवारीत मी छोट्या प्रोग्राममध्ये तो बदल केला. एका ओळीचं काम. पहिल्या काउंटरवर टॅग काढून पाहिला, दुसऱ्यावर पाहिला, तारीख बरोबर आली. तिसऱ्यापर्यंत चालत जायचा कंटाळा केला. सगळे एकाच छोट्याला हाक मारतात, मग वेगळं काय पाहायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

मे महिन्यात देवळीच्या एका कृषी केंद्रातून फोन आला. दुकानदार जुना, चौकस माणूस. त्याने एकाच लॉटची दोन पोती शेजारी शेजारी ठेवली होती आणि एकावरची मुदत दुसऱ्यापेक्षा महिनाभर लांब होती. आता शेतकऱ्याला मी कोणती खरी सांगू, असं तो विचारत होता. केंद्रात धावपळ झाली. लांब तारखेची सगळी पोती तिसऱ्या काउंटरवरची निघाली. नशिबाने पेरणीला वेळ होता, पोती थोडी होती, सगळी परत आणली गेली.

तिसऱ्या काउंटरवर एक बाई बसायची. जामजवळच्या खेड्यातली, चाळिशीची, बारावी झालेली. दहा हंगाम झाले होते तिला. हंगाम सुरू झाला की सुपरवायझर फोन करायचा आणि ती यायची, हंगाम संपला की घरी. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, हे तिला दरवर्षी फोन येईपर्यंत माहीत नसे. यंदा पहिल्यांदाच कायम करायच्या लोकांच्या यादीत तिचं नाव होतं. त्या नावासाठी तिने काय काय सोसलं होतं ते मला माहीत होतं. दुपारच्या डब्याला कधी एकत्र बसलो तर ती एवढंच बोलायची, की कायम झाले तर मुलीला वर्ध्याला शिकायला ठेवीन.

पडद्यावरच्या तारखेच्या रकान्यात हाताने टाइप करता येतं. ही सोय मीच ठेवली होती. सुपरवायझर म्हणाला, बाईनेच जुनी तारीख टाइप केली असणार. बाई म्हणाली, मी केली नाही. साहेबांनी मला विचारलं. मी छोटा प्रोग्राम तपासला, बरोबर होता. पहिला आणि दुसरा काउंटर तपासला, बरोबर होते. तिसऱ्याचा मजकूर उघडून वाचला, हाक मारायची ओळ तीच, तशीच. मग मी एका कागदावर लिहून दिलं की प्रोग्राममध्ये दोष नाही, आणि खाली सही केली. त्या एका कागदाने तिचं नाव यादीतून गेलं. पुढच्या हंगामातही बोलावायचं नाही असं ठरलं. ती जाताना माझ्या खोलीवरून गेली, मी पडद्याकडे बघत होते.

घरी बाबा असतात. आई गेल्यावर त्यांना देवळीजवळच्या गावातून मी सावंगीला माझ्याकडे आणलं. ऐंशी ओलांडली, पण दुपारी झोपत नाहीत आणि कोणी झोपलेलं त्यांना आवडत नाही. दारात खुर्ची टाकून बसतात. हॉस्पिटलकडे जाणाऱ्या पोरापोरींना ओळख असो-नसो 'जयभीम' घालतात आणि कोणत्या गावचे ते विचारतात. मी कामावरून आले की माझ्या हातात चहा देऊन ते विचारतात, आज काय केलं. मी वैतागून का होईना, पण सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा हा आमचा रिवाज आहे. दोन तऱ्हेच्या कॉलची गोष्टही मी त्यांना कधीतरी तेव्हाच सांगितली होती आणि विसरून गेले होते.

त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. सांगताना माझा सूर असा होता की बघा, एवढी चांगली बाई आणि काय करून बसली. बाबांनी विचारलं, तिला टाइप करताना कोणी पाहिलं का. मी म्हटलं, पाहिलं नाही, पण प्रोग्राम बरोबर आहे, मग उरतं कोण? मग त्यांनी विचारलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"तुया तिसऱ्या काउंटरात सालदार त नाई ना बसला?"

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. मी लहान असताना बाबा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं, वर्षभर त्याच घरचं काम. बाकीचे रोजदार, ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी यायचे.

"रोजदार सकाळी ये, मालकाले इचारे, आज काय करू," बाबा म्हणाले. "मालक सांगन ते करे. सालदाराले सकाळी काम कोन सांगते? त्याले मालूमच राह्यते. एका वर्सी मालकानं ठरवलं का नाल्याकाठच्या वावरात जवारी नाई, तूर पेराची. रोजदाराईले सांगतलं. मले सांगाचं राहून गेलं. मी आपला जवारी पेरून आलो. शिव्या मी खाल्ल्या. चूक कोनाची, हे कोनी इचारलं नाई."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. तो दुपट्टा, तो मे महिना, ते पेढे, सगळं एकदम आठवलं. ज्या गोष्टीवर मी तीस वर्षं जगले, ती माझ्या बापाने एका वाक्यात माझ्यासमोर ठेवली होती. मी त्यांना म्हटलं, बाबा, सालदार मीच बसवला आहे. ते म्हणाले, मग सकाळी लवकर जा.

सकाळी कंपनीच्या बसमधून उतरले ती थेट मशीनपाशी गेले. मजकूर वाचून उपयोग नव्हता, म्हणून यावेळी प्रोग्राम तयार झाल्याची तारीख पाहिली. छोटा प्रोग्राम जानेवारीचा. तिसऱ्या काउंटरचा प्रोग्राम माझा धाकटा मुलगा दहावीला होता त्या वर्षीचा. तो आता बापाच्या उंचीच्या वर गेला आहे आणि स्वतः कमावतो. मग मागच्या शेडपर्यंत चालत गेले, जे जानेवारीत करायचं होतं. खोटा लॉट टाकला, तारखेला हात न लावता टॅग काढला. जुनी, महिनाभर लांब मुदत छापून आली. तो टॅग हातात धरून मी रिकाम्या खुर्चीवर बसले. तिची पाण्याची बाटली अजून टेबलाखालीच होती. मला इतकी लाज वाटली की कोणी शेडमध्ये आलं असतं तर मी उठून बाहेर गेले असते.

खोटं बोलणार नाही, मोह झाला. तो प्रोग्राम नव्याने तयार करायला दहा मिनिटं लागतात. कोणाला काही कळलं नसतं. भाषा माझ्या एकटीची, मशीन मुकं. बाटली तिथे नसती तर मी काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हात दाखवून अवलक्षण काऊन करता? तांत्रिक बिघाड लिहा, विषय संपला." मी म्हटलं, बिघाड झालेला नाही. मशीनने मी सांगितलं तेच केलं. दोष आधी तिच्यावर टाकताना आपण तांत्रिक बिघाड म्हटलं नव्हतं, बाईचं नाव घेतलं होतं. आता माझं घ्या. माझा आवाज चढला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आणि सुळीच्या कागदावर सही चोराचीच, असंही काहीसं मी बोलून गेले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागद पुढे सरकवला.

मी तीन ओळी लिहिल्या. तिसऱ्या काउंटरच्या प्रोग्राममध्ये जुनी प्रत मी बांधली होती. ती मी नोंदवली नाही आणि बदलानंतर तपासली नाही. तारीख बाईने टाइप केलेली नाही. वरून माझ्याकडून खुलासा मागवला गेला, तो मी दिला, आणि माझ्या फाइलला त्याची नोंद लागली. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना फाइलला पहिला डाग. दोन दिवस त्याचं वाईट वाटलं, मग राहिलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. कागद दिला त्याच दिवशी दुपारी मी तिच्या गावाला गेले. ती वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत होती, चुलीसाठी. मला पाहून तिने हातातली मोळी खाली ठेवली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, चूक माझी होती, मी लिहून दिलं आहे. वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, मंग तुमी मले इचारलं काऊन नाई?"

मी मशीनला विचारलं होतं, मजकुराला विचारलं होतं, सुपरवायझरचं ऐकलं होतं. शेजारून जाणाऱ्या तिला विचारलं नव्हतं.

"मले त फेब्रुवारीतच दिसलं होतं," ती म्हणाली. "फाटक्या पोत्याची तारीख लांब येऊन राह्यली होती. मी समजली, फाटक्याचा नियम अलग असन. तुमी बनवलं म्हनल्यावर बरोबरच असन."

तीन महिने आधी. दोघींमध्ये फक्त एक गोदाम होतं. तिने सांगितलं नाही कारण मी विचारत नव्हते, आणि ज्यांनी आपण होऊन सांगितलं त्यांना मी 'कुठलं बटण दाबलं' म्हणून परतवलं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं काही नाही, पण सुपरवायझरने सगळ्यांसमोर नाव घेतलं होतं, तर आता सगळ्यांसमोरच सांगायला पाहिजे. आणि परत बोलवायचं तर फोन नको, चिठ्ठी पाठवा. मग तिने मला माठातलं पाणी दिलं आणि मोळी उचलायला हात लावायला सांगितलं. मी लावला. पऱ्हाट्यांनी हाताला ओरखडे पडले, तिने त्याबद्दल मला चिडवलं.

चिठ्ठी गेली, बाई परत आली. सगळ्यांसमोर सांगितलंही गेलं, साहेबांनी स्वतः, मोठ्या शेडमध्ये. सुपरवायझर पायांकडे बघत होता, मीही. मधल्या दिवसांत तिसऱ्या काउंटरचं मूळ दुखणं मी शोधलं, जे तेव्हा टाळलं होतं. खरोखर अर्धाच दिवस लागला. आता तिथलाही प्रोग्राम नावाने हाक मारतो आणि छोटा त्याला सापडतो. अजून कुठे कुठे मी प्रती बांधून ठेवल्यात ते शोधायला बसले तेव्हा आणखी चार निघाल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्या रजिस्टरमध्ये लिहिल्या, मोठ्या अक्षरात.

जूनमध्ये, पेरण्या सुरू व्हायच्या आत, कायम झालेल्यांची यादी बोर्डावर लागली. खालून तिसरं नाव तिचं. तिने ते दोनदा वाचलं, मग मोबाइलने फोटो काढला आणि मुलीला पाठवला. मुलगी वर्ध्याला कोणत्या कॉलेजात जाणार याची चर्चा आमच्या डब्याच्या वेळात आठवडाभर चालली, आणि त्यात मी माझी मतं न मागता दिली.

यादी लागली त्या संध्याकाळी मी बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, ती कायम झाली, आता पुढच्या वर्षी फोनची वाट बघायला नको. बाबांचा चेहरा खुलला. हक्काचं साल मिळण्याचा आनंद त्यांच्याइतका मला कधी कळणार नाही. पण चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले,

"मंग आता तिले रोज सकाळी इचारत जाजो, माय."

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर मी आधी मागच्या शेडमध्ये गेले. ती टॅगचा रोल लावत होती. मी विचारलं, काही वेगळं दिसतंय का. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी खरंच विचारतेय का ते बघायला. मग दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही माझ्याच चुका होत्या.